हम बहोत, अर्थ नाही

आमच्या घरात पायजम्याला खिसा शिवायची पद्धत नव्हती. खिशात ठेवायला आधी काहीतरी असावं लागतं, आणि असलं तरी घरात बसून ते खिशात कशाला ठेवायचं, असं मायचं साधं म्हणणं. तरीही एका दुपारी तिनं माझ्या तीन पायजम्यांना डाव्या बाजूला तीन खिसे शिवले. त्यातला एक तर चक्क परकराच्या उरलेल्या फुलाफुलांच्या छिटाचा होता. शिवताना ती शहागंजच्या रशीदचाचांना मनापासून शिव्या देत होती. चाचा व्हॉल्व्हचे, म्हणजे आत काचेच्या नळ्या पेटणारे, जुने रेडिओ दुरुस्त करायचे आणि त्यांनी मला सगळ्यात आधी एकच नियम शिकवला होता : चालू यंत्रात हात घालायचा तर एकच, उजवा. डावा खिशात. दोन्ही हात आत गेले की वीज एका हातातून शिरते आणि दुसऱ्यातून निघते, आणि मधल्या वाटेवर काळीज असतं. "कलेजा रस्ते में नक्को आने दो," असं ते म्हणायचे. ही गोष्ट मी घरी मोठ्या फुशारकीनं सांगितली. मायनं सुईदोऱ्याचा डबा ओढला.

मला गिटारवाला व्हायचं होतं. का, ते विचारू नका. त्या वयात माणूस काहीही व्हायला निघतो आणि मी अभ्यास सोडून बाकी सगळं व्हायला निघालो होतो. ऑर्केस्ट्रा सोडून बँकेत लागलेल्या एका गृहस्थांनी मला त्यांची इलेक्ट्रिक गिटार जवळजवळ फुकटात देऊन टाकली होती. घरी आणून मी झोकात तार छेडली, तर डबीत अडकलेल्या डासाएवढा आवाज आला. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण कुसुम, परातीत भाकरी थापत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "मुकी हाय व्हय रे ती?" मुकीच होती. इलेक्ट्रिक गिटारला अ‍ॅम्प्लिफायर लागतो हे मला माहीत नव्हतं, असं आज कबूल करतो. तेव्हा मी म्हणालो होतो, "मला माहीत होतं."

अ‍ॅम्प्लिफायर विकत घेणं आमच्या स्वप्नातही बसत नव्हतं. म्हणून मी तो बनवायचा ठरवला. जुन्या बाजारातून लग्नाच्या मांडवातल्या एका मेलेल्या लाउडस्पीकर-सेटचा ट्रान्सफॉर्मर आणला. तो इतका जड होता की सायकलच्या हँडलला पिशवी अडकवली तर सायकल आपोआप डावीकडं वळायची आणि मी दोनदा नको त्या गल्लीत पोहोचलो. चार व्हॉल्व्ह चाचांनी दिले, दुरुस्तीला येऊन कधीच परत न नेलेल्या रेडिओंच्या पोटातून काढून. लोखंडी पत्र्याचा डबा कापून त्यावर ते बसवले. महिनाभर मी तारा जोडत होतो, म्हणजे चुकीच्या ठिकाणी जोडत होतो, आणि चाचा चष्मा कपाळावर सरकवून त्या सोडवत होते. "मियाँ," ते म्हणायचे, "तुम बनाते क्या, उलझाते क्या?" एकदा मी कंडेन्सर उलटा लावला. तो फटाक्यासारखा फुटला आणि दुकानासमोरच्या चहावाल्याच्या दुधात त्याच्या कागदाचे बारीक तुकडे पडले. त्यानं ते दूध गाळून चहा केला. चाचा म्हणाले चव सुधारली.

आता पेटी. बारा इंची स्पीकर मिळाला होता, पण तो नुसता टेबलावर ठेवून वाजवला की आवाज घशात बसल्यासारखा यायचा. त्याला लाकडाची पेटी हवी होती, आणि आमच्या घरात लाकूड म्हणजे अण्णा. माझे वडील सुतारकामाच्या कारखान्यात होते. बोलायचे कमी, ठोकायचे जास्त, लाकडाला म्हणतोय मी. कुठलीही फळी हातात आली की बोटाच्या पेरानं तिच्यावर टकटक करायची, कान तिरपा करायचा, आणि निकाल एका शब्दात. "बोलतीय." किंवा, "मेलीय." माणसांबद्दलही त्यांची मतं साधारण एवढीच लांब असत. माझ्याबद्दल त्यांनी अजून टकटक केली नव्हती. मीच जवळ जात नव्हतो.

घरात सागाच्या पाच फळ्या होत्या. त्या माळ्यावर जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेल्या होत्या, आणि त्यांच्याकडं बघायलासुद्धा मनाई होती, कारण त्या आक्काच्या लग्नातल्या कपाटाच्या होत्या. लग्न ठरलं होतं, जालन्याला. मी त्या फळ्यांबद्दल काही बोललो नाही. मी फक्त जेवताना माळ्याकडं बघून सुस्कारा टाकला. सलग चार दिवस. पाचव्या दिवशी येसर आमटीत भाकरी कुस्करता कुस्करता आक्का म्हणाली, "अण्णा, देऊन टाका त्याला त्या फळ्या. जेवण गोड लागंना त्याच्या सुस्काऱ्यांनी."

"आन तुझं कपाट?" अण्णा.

"कपाट काय, सासरीबी असंल. पण ह्यानं माझ्या हळदीला गाणं वाजवायचं. स्वतःचं. नायतर मी बोहल्यावर चढणार नाय."

अण्णांनी भाकरीचा घास संपवला, पाणी प्याले, आणि मला म्हणाले, "हळदीपतूर. नीट वाजलं तर पेटी तुझी. नाय वाजलं तर मोडून फळ्या परत, कपाटाला. आन तू दुसऱ्या दिवसापास्नं कारखान्यात, माझ्यासंगं." मला ते फार सोपं वाटलं. त्या वयात सगळंच सोपं वाटतं, फक्त गणित सोडून.

अण्णांनी ती पेटी आठ संध्याकाळी बसून केली. एकही खिळा दिसत नव्हता. कोपऱ्याचे सांधे असे बसवले होते की नख फिरवलं तर कुठं एक फळी संपते आणि दुसरी सुरू होते ते कळू नये. समोरच्या जाळीला कापड नव्हतं म्हणून मायनं ज्वारीचं गोणपाट धुऊन लावलं. त्यामुळं व्हॉल्व्ह तापले की घरभर ज्वारीचा वास सुटायचा. एकच भांडण झालं. चाचांनी निरोप पाठवला होता की पेटीची पाठ उघडी ठेवा, आवाजाला श्वास लागतो. अण्णा उखडले. "पाठ नसलेलं कपाट मी जन्मात केलं नाय." पण मग स्वतःच मागची फळी सरकती केली. मी एकच तार पुन्हा पुन्हा वाजवायचो आणि ते ती फळी बोटभर सरकवायचे, पेर टेकवायचे, कान लावायचे, परत बोटभर सरकवायचे. एका जागी ते थांबले. त्या जागी तोच सूर छातीत जरा खाली उतरला, विहिरीत पोहरा उतरावा तसा. अण्णांनी तिथं पेन्सिलीनं रेघ मारली. मी आजवर पुष्कळ महागडी यंत्रं ऐकली आहेत, माझ्या मुलाकडं एक आहे त्याला मोबाइलवरून आवाज बदलता येतो, पण पेन्सिलीच्या रेघेनं सापडलेला आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

पण एक भानगड राहिली होती. यंत्र चालू केलं की गाण्याच्या आधी, गाण्यात आणि गाण्यानंतर एक जाड गुणगुण चालायची. गव्हाच्या गिरणीशेजारी बसल्यासारखी. मी तारांना हात लावला की ती जरा दबायची, हात उचलला की पुन्हा उसळायची. हळदीला दहा दिवस होते. मी सगळं बोचकं बांधून चाचांच्या दुकानी नेलं आणि नमुना म्हणून माझं गाणं त्यांना म्हणून दाखवलं. गाणं मी हिंदीत लिहिलं होतं, कारण माझ्या समजुतीप्रमाणं मराठीत गिटार वाजत नसे. 'हम हवा हैं, हम घटा हैं, हम न रुकते, हम न झुकते,' असं ते तीन कडवी चालायचं. बहिणीच्या हळदीला हे गाणं का, हा प्रश्न मला शिवलासुद्धा नव्हता. चाचा डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "छोड के जाओ. देखता मैं."

दोन दिवसांनी गेलो तर दुकान बंद. चाचा लेकीच्या बाळंतपणासाठी खुलताबादला गेले होते. चहावाल्यानं माझं यंत्र आणि घडी घातलेली चिठ्ठी दिली. चिठ्ठी उर्दूत. आणि आमच्या घरात उर्दू वाचणारे एकटे अण्णा, कारण त्यांची चौथीपर्यंतची शाळा निजामाची होती. मराठी ते अडखळत वाचायचे, उर्दू सरळ.

अण्णांनी चिठ्ठी हापशाजवळच्या उजेडात नेली. बराच वेळ बघत राहिले. एकदा माझ्याकडं बघितलं. पुन्हा चिठ्ठीकडं. कागद दोन्ही बाजूंनी भरलेला होता.

"काय लिहिलंय?"

"लिहिलंय," अण्णा संथपणे म्हणाले, "हम बहोत है. अर्थ नहीं है."

"एवढंच?"

"एवढंच."

दोन वाक्यांना एवढा कागद कसा लागला, असं मनात आलं, पण उर्दूला जागा जास्त लागत असेल असं मी स्वतःला समजावलं. शिवाय मला घाव वर्मी बसला होता. मी गाण्याची वही काढली आणि मोजले. एकवीस 'हम'. तीन कडव्यांत एकवीस! आणि अर्थ? हवा, घटा, न रुकना, न झुकना. मी कुणाला थांबवणार होतो आणि कोण मला झुकवणार होतं? मला तर माय दळण आणायला पाठवायची आणि मी निमूट जायचो. खुलताबादसारख्या अवलियांच्या गावाशी सोयरीक असलेला माणूस, दोन वाक्यांत त्यानं माझा अहंकार आणि माझा पोकळपणा दोन्ही तराजूत घातले होते. मी चाचांना नुसता रेडिओ मिस्त्री समजत होतो!

"अण्णा, ते बरोबर बोलतात का?"

"व्हय. लई हम हाय तुझ्यात." मग, "अर्थ लांब नसतो. पायाखाली असतो. बघ जरा." आणि त्यांनी ती चिठ्ठी बारीक घडी घालून, जोरात वाजवलं की पेटीत स्पीकरची कडा फळीशी खडखडायची त्या फटीत पाचर म्हणून ठोकून बसवली. खडखड थांबली. सुतार माणूस कागदही वाया घालवत नाही.

पुढचे चार-पाच दिवस मी पायाखाली बघत फिरलो. गुणगुणीचं काय करायचं हे विसरूनच गेलो, कारण मला वाटत होतं गाणं सुधारलं की चाचांची तक्रार मिटली. काही सुचेना. एका सकाळी अंथरुणात पडलो होतो आणि स्वयंपाकघरातून आक्काच्या भाकरीची थाप ऐकू येत होती. ती थाप मी जन्मापासून ऐकत होतो, म्हणजे कधीच ऐकली नव्हती. दोन जड, एक हलकी, मग बांगड्यांची किणकिण, मग तव्यावर पाण्याचा हात फिरल्याचा चर्र. दोन जड, एक हलकी. मी पडल्या पडल्या पोटावर बोटांनी तो ठेका धरला, आणि एकदम कळलं की पुढच्या सोमवारी हा आवाज या घरात नसणार. मी उठलो ते वही घेऊनच. गाणं मराठीत आलं, दहा ओळींचं, आणि त्यात एकही 'हम' नव्हता, 'मी'सुद्धा नव्हता. 

थाप पडे परातीत, जागं होतं दार,
थाप निघाली जालन्याला, दार काय करणार.

तालीम सुरू केली तर अण्णा म्हणाले, "उघड्या पायांनी भुईवर नको. पाटावर उभा राहून वाजव." मला वाटलं, वा! बापाला माझ्या कलेचा मान ठेवावासा वाटतोय.

हळद अंगणात होती. सकाळपासून बायकांचा गलका, पिवळे हात, नारळाच्या करवंट्या, मांडवाला आंब्याचे डहाळे. यंत्र ठेवायला मी मांडवाच्या मधोमध जागा धरली होती, पण अण्णा ऐकेनात. "हापशापाशी ठेव." तिथं चिखल होता, बायका पाण्याला येत होत्या. "हापशापाशीच," अण्णा. पाटही त्यांनीच आणून मांडला. चाचांनाही त्यांनी आवर्जून बोलावणं धाडलं होतं. पांढऱ्या कुडत्यात, खिशाला अत्तराचा फाया लावून चाचा वेळेवर आले आणि पहिल्या रांगेत बसले.

मी बटन दाबलं. व्हॉल्व्ह हळूहळू नारिंगी झाले, ज्वारीचा वास सुटला, आणि गिरणी सुरू झाली. घर्रर्र. बायकांचा गलका थांबला. कुणीतरी म्हणालं, "मोटार लावली का इहिरीवर?" हशा पिकला. आक्का पिवळ्या तोंडानं माझ्याकडं बघत होती, तिच्या डोळ्यांत पाच फळ्या होत्या. मला उद्याचा कारखाना दिसला, मोडलेली पेटी दिसली. तेवढ्यात चाचा ताडकन उठले.

"अरे, अर्थ किधर है?"

मला हायसं वाटलं. निदान त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं होतं. मी सगळ्या पाहुण्यांदेखत, नम्रपणे म्हणालो, "है ना चाचा. दूसरे कडवे में."

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला. "कौनसे कडवे में?"

"दूसरे में पूरा है. पहिले में थोडा कम है. और हम तो सब निकाल दिया मैंने, एक भी नहीं रखा."

"अबे, कडवे में नहीं, ज़मीन में! ज़मीन में देते अर्थ! चिठ्ठी में मैं..."

"मिस्त्री," अण्णा मध्येच खाकरले, "तार हाय." आणि त्यांनी नव्या कोटाच्या खिशातून चार हात तांब्याची तार काढली. दोन्ही टोकं तासून चकचकीत केलेली होती. लग्नघरच्या यजमानाच्या कोटात चार हात तार कशाला असेल, हा प्रश्न मला पुढं पन्नास वर्षं पडला नाही. चाचांनी यंत्र बंद करवलं, एक टोक पत्र्याच्या डब्याला आवळलं, दुसरं हापशाच्या लोखंडी नळाला, तो नळ जो शेकडो फूट खाली काळ्या खडकातल्या पाण्यापर्यंत गेलेला होता. मग बटन.

त्या शांततेचं वर्णन मला आजही जमत नाही. व्हॉल्व्ह पेटले होते, यंत्र जिवंत होतं, आणि आवाज नव्हता. गिरणी बंद झाली तेव्हा कळलं की ती किती मोठी होती. डहाळीवरचा मुंगळा चालला असता तरी ऐकू आला असता. त्या शांततेत आक्कानं हात हलवला आणि बांगड्या वाजल्या, तेवढा एकच आवाज साऱ्या अंगणात. मी पहिली तार छेडली. ती पेटीतून निघाली ती पेन्सिलीच्या रेघेपर्यंत खाली उतरली आणि तिथून लोकांच्या छातीत. मी घाबरून हातच उचलला. एवढं मोठं, एवढं स्वच्छ काही माझ्या बोटांतून निघेल यावर माझा विश्वास नव्हता. मग दोन जड, एक हलकी. दुसऱ्याच फेरीला मायनं तोंडाला पदर लावला, तिनं ठेका ओळखला होता. आक्का हसत होती आणि हळदीवरून पाण्याच्या दोन रेघा उतरत होत्या. गाणं संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अण्णा पेटीजवळ आले, बोटाच्या पेरानं टकटक केली. पेटीवर नव्हे. माझ्या खांद्याच्या हाडावर.

"बोलतंय," म्हणाले, आणि पंगतीचं बघायला गेले.

पेटी माझी झाली. मी मोठा गिटारवाला झालो नाही, हे तुम्ही माझं नाव ऐकलेलं नसल्यावरून ओळखलंच असेल. चाचा गेले, माय गेली, अण्णा गेले. ती पेटी हर्सूलच्या वाटेवरच्या आमच्या जुन्या घरातून निघून माझ्याबरोबर पुंडलिकनगरला आली. मागच्या हिवाळ्यात स्पीकरचा कागद फाटला म्हणून मी तो उघडला आणि फटीतून पिवळी पाचर निसटून खाली पडली. खालच्या मजल्यावर उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या बाई राहतात. त्यांनी ती घडी मोडणार नाही अशा बेतानं उलगडली, चष्मा लावला आणि वाचलं.

"बेटा, हम बहोत है. अर्थ नहीं है. डब्बे से एक तार निकाल के हापसे के नल को बाँध दो, हम चला जाएगा. तब तक नंगे पाँव नक्को बजाओ, लकड़ी पे खड़े रहो. बायाँ हाथ जेब में. गाना बहोत अच्छा है, ऐसाइच रखो."

त्या गिरणीसारख्या गुणगुणीला रेडिओवाले इंग्रजीतलं 'हम' म्हणतात; माझे एकवीस मी उगाच मोजले होते. बाई म्हणाल्या, "बस, एवढंच आहे." मी म्हटलं, एवढंच पुष्कळ आहे.

वर येऊन मी जालन्याला फोन लावला. आक्का आता नीट ऐकू येत नाही म्हणून ओरडून बोलते. मी सगळं सांगितलं. पलीकडून खळखळून हसू. "तुला आज कळलं व्हय? मला चिठ्ठी आली त्याच दिवशी सांगितलं होतं अण्णांनी. म्हणले, तार काय, कवाबी लावता येती. आधी पोराचं गाणं नीट होऊ दे. ते हम हम ऐकून माझ्या हळदीला लोक उठून गेले असते रे!"

"आणि मी कारखान्यात गेलो असतो तर?"

"तार त्यांच्या खिशातच होती की, येड्या."

दुपार होती. घरात सून संगणकावर काम करत होती. मी नवा कागद लावलेला स्पीकर बसवला, चिठ्ठीची घडी होती तशी करून पाचर पुन्हा तिच्या फटीत ठोकली, फळी पेन्सिलीच्या रेघेवर आणली. पाटावर उभा राहिलो. यंत्र चालू केलं. शांत. डावा हात खिशात घातला, हो, खिसा अजून शिवून घेतो, आणि उजव्या हातानं अर्थाची तार डब्यावरून काढली. जाड, जुनी गुणगुण घरभर पसरली, ज्वारीच्या वासासकट. मी ती बंद केली नाही.

सून दारात आली. "बाबा, कसला आवाज येतोय हा?"

म्हणालो, "हम."